शिवणयंत्राचे टेबल का थरथरते?

जून उजाडला की आमच्या सिल्लोडमध्ये गल्लोगल्ली शिवणयंत्रांचा आवाज वाढतो. शाळा उघडण्याच्या आत गणवेश तयार व्हायला हवेत. ते शिवणाऱ्या कितीतरी बायका दुकानात नसतात. आपल्याच घरी, उजेडासाठी दाराशी मशीन ओढून बसलेल्या असतात. मजुरी नगावर मिळते. टीप वाकडी गेली तर ती उसवायची आणि पुन्हा घालायची. त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

आमच्या शेजारच्या ताईंची टीप दोन वर्षांपूर्वी अशीच वाकडी जाऊ लागली. मशीन जुने, पण उत्तम होते. घर बदलताना टेम्पोतून उतरवताना त्याच्या स्टँडचा बिडाचा पाय मोडला. बीड ठिसूळ असते आणि त्याला साधे वेल्डिंग धरत नाही. नवा स्टँड घेण्याऐवजी ताईंनी सुताराकडून चार पायांचे लाकडी टेबल करून घेतले व जुन्या स्टँडचे मोठे चाक आणि पायडल त्यालाच बसवून घेतले. टेबल दिसायला छान झाले. परंतु वेग वाढला की ते डावीउजवीकडे थरथरू लागे, सुईखालचे कापड सरके आणि टीप नागमोडी पडे.

मिस्त्रींचे म्हणणे पडले की पाय बारीक झाले, जाड सागाचे पाय घालून टेबल नव्याने करावे लागेल. तो खर्च ताईंच्या दोन महिन्यांच्या शिलाईएवढा होता. त्या मला म्हणाल्या, "सर, तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवता. जाड पाय लावले की थांबेल का हो हे?"

मी म्हणालो, "आधी टेबलावर वजन ठेवून बघा. जड वस्तू सहजासहजी हलत नाही." त्यांनी स्वयंपाकघरातला दहा किलोचा पाटा आणून टेबलाच्या उजव्या कडेला ठेवला. थरथर कमी होण्याऐवजी जास्तच त्रासदायक झाली! पूर्वी ती फक्त घाईने शिवताना येत असे. आता नेहमीच्या संथ वेगालाच येऊ लागली.

माझा सल्ला साफ चुकला होता. तो का चुकला, हे समजून घेताना टेबल दुरुस्त करण्याची वाटही सापडली.

प्रथम हे पाहू की टेबलाला हलवते कोण. मशीनच्या आत सुईचा दांडा वर-खाली होतो, दोरा ओढणारी कडी वर-खाली होते, खाली शटल झुलते. एका दिशेने जाणारी वस्तू थांबवून उलट फिरवायची तर बल लावावे लागते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढेच बल उलट दिशेने मशीनच्या सांगाड्यावर व टेबलावर पडते. म्हणजे मुख्य दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक टेबलाला एक धक्का. हा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट केला तर धक्का चौपट. शिवाय सुई मशीनच्या डाव्या टोकाला असते, त्यामुळे हे धक्के टेबलाच्या मध्यावर न बसता एका बाजूला बसतात. लाकडी पाय उभे दाबून आखूड होत नाहीत, पण आडवे सहज लवतात. त्यामुळे वर-खाली बसणाऱ्या धक्क्याचेही शेवटी डावीउजवीकडे डुलणे होते.

आता हे धक्के सेकंदाला किती, ते काढू. तुमच्या घरी पायाचे मशीन असेल तर एक दोरा घ्या. खालच्या मोठ्या चाकाच्या ज्या खाचेत पट्टा बसतो त्या खाचेचा परीघ मोजा आणि वरच्या हातचाकाच्या खाचेचाही मोजा. ताईंच्या मशीनवर हे आकडे 98 सेंटीमीटर आणि 22 सेंटीमीटर आले. भागाकार सुमारे 4.5. पायडल एकदा वर-खाली झाले की मोठे चाक एकदा फिरते आणि सुई साडेचार वेळा खाली येते. ताई सहज शिवतात तेव्हा मिनिटाला 80 वेळा पायडल मारतात. म्हणजे सुईचे 360 फेरे मिनिटाला, सेकंदाला 6. घाईच्या वेळी 96 पायडल, म्हणजे सेकंदाला सुमारे 7.

झोपाळ्यावर बसलेल्या लहान भावाला तुम्ही झोका दिला असेलच. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलकासा धक्का दिला तरी झोका उंच जातो. भलत्याच लयीत कितीही जोर लावला तरी जात नाही. टेबलालाही अशीच स्वतःची लय असते. त्याच्या वरच्या कडेला हाताने एक आडवा टोला द्या, ते काही वेळा डुलून थांबेल. सेकंदाला जितकी कंपने होतात ती त्याची नैसर्गिक कंप्रता. बाहेरचे धक्के नेमके त्याच कंप्रतेने बसू लागले की कंपने वाढत जातात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. ताईंचे टेबल सेकंदाला 7 च्या आसपास डुलत होते आणि घाईच्या वेगात सुईही सेकंदाला 7 धक्के देत होती.

मग पाट्याने काय केले? नैसर्गिक कंप्रता दोन गोष्टींवर ठरते: टेबल किती ताठ आहे आणि वर किती वस्तुमान डुलते आहे. ताठपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले की त्या प्रमाणात कंप्रता येते. मशीन 12 किलोचे, टेबलाचा वरचा भाग 10 किलोचा, एकूण 22. पाटा ठेवल्यावर 32 झाले. 22 भागिले 32 चे वर्गमूळ 0.83. म्हणजे 7 ची कंप्रता 6 च्याही जरा खाली आली. नेमकी ताईंच्या नेहमीच्या वेगाची! मी अनुस्पंदन हटवले नव्हते. जिथे ते क्वचित भेटत होते तिथून उचलून रोजच्या वाटेवर आणून ठेवले होते.

तेव्हा वाट उलटी होती. टेबल इतके ताठ करायचे की त्याची कंप्रता पायाला गाठताच येऊ नये. जाड पायांनी ते होईल का? थोडे होईल. चौरस पायाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 4 सेंटीमीटरचा पाय 5 सेंटीमीटरचा केला तर ताठपणा जवळजवळ अडीचपट आणि कंप्रता दीडपट होईल, पण लाकूडही दीडपटीहून थोडे जास्त लागेल. हे सारे सांधे घट्ट असतील तर. सांधा सैल असेल तर पाय कितीही जाड असो, टेबल सांध्यातच डुलणार. मिस्त्रींचे म्हणणे चूक नव्हते, महाग होते.

काड्यापेटीचा प्रयोग

एक काड्यापेटी घ्या. आतला खण काढून टाका आणि बाहेरचे टरफल दोन बोटांत तिरपे दाबा. लगेच कलंडून चपटे होते. आता खण पुन्हा आत सरकवा आणि तसेच दाबा. होत नाही. कागद तोच, जाडी तीच, मग एवढा फरक का? खणाच्या दोन टोकांच्या छोट्या भिंती टरफलाच्या चौकोनाला आतून अडवतात. काटकोन चौकोनाचा समांतरभुज चौकोन होताना एक कर्ण लांब आणि दुसरा आखूड होतो. चौकोन पातळ पत्र्याने भरून टाकला की कर्णाची लांबी बदलू शकत नाही, आणि कर्ण बदलला नाही तर चौकोन कलंडत नाही.

हेच दुसऱ्या रीतीने पाहायचे असेल तर काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणा. नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडून आकृती बनवण्याचा हा खेळ अरविंद गुप्ता यांनी देशभरातल्या मुलांपर्यंत पोहोचवला. पुण्याच्या आयुका या संस्थेतही त्यांनी अनेक वर्षे मुलांना असल्या वस्तू करायला शिकवले. चार काड्यांचा चौकोन हातात धरा, तो लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलंडत नाही. चौकोनात एक तिरपी काडी घातली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो.

आता जुन्या बिडाच्या स्टँडकडे पुन्हा पाहा. दोन्ही पायांत वेलबुट्टीची जाळी असते, आणि मागच्या बाजूला दोन पायांना जोडणारा, बहुधा कंपनीचे नाव मिरवणारा, फुलीसारखा रुंद तुकडा असतो. आपण त्याला नक्षी समजतो. तिरप्या दांड्यांचे ते त्रिकोण आहेत, आणि टेबल डावीउजवीकडे कलंडू नये याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. ताईंच्या सुताराने पाय बनवताना नेमके तेवढे गाळले होते.

पेटीची ही युक्ती शिवणयंत्राइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांची सुरुवातीची यंत्रे ज्या लाकडी खोक्यात घालून पाठवत, तेच खोके यंत्राखाली टेबल म्हणून वापरायचे! पुढे 1868 मध्ये त्यांच्या कंपनीने इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे केवळ लाकडी कॅबिनेटांसाठी कारखाना काढला, कारण अक्रोड आणि ओक यांचे लाकूड तिथे जवळ मिळत होते. 1880 नंतरच्या दशकात यंत्रावरची गोल वळणाची झाकणे प्लायवुडची होऊ लागली.

एका रविवारी आम्ही ताईंच्या टेबलाच्या मागच्या बाजूला 4 मिलिमीटर जाडीचे प्लायवुड लावले, वरपासून खालच्या आडपट्टीपर्यंत. दोन्ही बाजूंनाही तेच. मागचा तक्ता डावीउजवीकडचे डुलणे अडवतो, बाजूचे तक्ते पुढेमागे होणे अडवतात. पुढची बाजू पायांसाठी उघडी ठेवावीच लागते. त्याने बिघडत नाही, कारण वरची फळी तीनही भिंतींना धरून ठेवते आणि चारही पाय जमिनीवर टेकलेले असतात. एक पाय अधांतरी असेल तर मात्र सगळी पेटी पिळवटते, म्हणून आधी पायांखाली पाचर घालून टेबल ठाम बसवून घ्यायचे.

तक्ता ठोकण्याआधी दोरीने दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असलेल्या चौकोनात कर्ण समान असतील तर तो आयत असतो, हे तुम्ही भूमितीत सिद्ध केले आहे. मिस्त्री गुण्या लावून जे पाहतात तेच आपण दोरीने पाहतो. कर्ण सारखे नसताना तक्ता ठोकला तर टेबल कायमचे वाकडे राहील, आणि तेही अगदी ताठपणे. सरस लावून दर चार बोटांवर एक चूक ठोकावी. चुका विरळ असल्या तर तक्ता मध्येच फुगतो आणि त्याचा उपयोग निम्मा होतो.

नवे करायचे असेल तर

ताईंचे टेबल पाहून आणखी दोघींनी नवीन कॅबिनेट करून घ्यायचे ठरवले, तेव्हा लाकडाचा हिशेब करावा लागला. घरगुती मशीनची बैठक साधारण 37 सेंटीमीटर लांब आणि 18 सेंटीमीटर रुंद असते. त्याभोवती कापड पसरायला 90 बाय 45 सेंटीमीटरची वरची फळी पुरते. उंची 75 सेंटीमीटर धरली. हे सर्व अडीच सेंटीमीटर जाड सागाच्या फळ्यांनी केले तर सुमारे दीड घनफूट साग लागतो. त्याऐवजी 4 बाय 4 सेंटीमीटरचे पाय, 6 बाय 2 सेंटीमीटरच्या आडपट्ट्या, वर 19 मिलिमीटरचे प्लायवुड आणि तीन बाजूंना 4 मिलिमीटरचे प्लायवुड असे केले, तर भरीव लाकूड 0.4 घनफूटसुद्धा लागत नाही, जेमतेम पाव हिस्सा. पातळ प्लायवुडही एका मोठ्या तक्त्याच्या निम्म्याहून कमी लागते. आणि ही पेटी चार जाड पायांच्या टेबलापेक्षा कमी डुलते.

आडपट्ट्या मात्र उभ्या लावायच्या, म्हणजे 6 सेंटीमीटरची बाजू उभी. का, ते तुमच्या फूटपट्टीला विचारा. 3 मिलिमीटर जाड व 30 मिलिमीटर रुंद पट्टी आडवी धरून टोकाला दाबली तर सहज वाकते, उभी धरली तर वाकत नाही. वाकण्याला होणारा विरोध रुंदी गुणिले उंचीचा घन या प्रमाणात असतो. आडवी: 30 गुणिले 27, म्हणजे 810. उभी: 3 गुणिले 27,000, म्हणजे 81,000. पट्टी तीच, ताठपणा शंभरपट, खर्च शून्य! मशीनसाठी वरच्या फळीत जे भोक पाडतो त्याने फळी नेमकी 12 किलोच्या भाराखालीच दुबळी होते. म्हणून भोकाच्या डाव्या व उजव्या कडेखाली पुढून मागे जाणारी एकेक उभी पट्टी हवीच.

सांगाड्याला सागच पाहिजे असे नाही. बैलगाडीच्या चाकांना बाभूळ वापरत आले आहेत. धक्के सोसण्यात ती सागाला हार जात नाही. कडुनिंबही चालतो. अट एवढीच की लाकूड पुरते वाळलेले असावे आणि त्याचा बाहेरचा फिकट थर काढून टाकावा, कारण भुंगेरे त्यालाच लागतात. सांध्यांना नुसते खिळे ठोकू नयेत. पट्टीच्या टोकाला कूस काढून ती पायाच्या भोकात सरस लावून बसवली की लाकडाला लाकूड मोठ्या पृष्ठभागावर भिडते. खिळा फक्त आपल्या जाडीएवढ्या जागेवर दाबतो. हजारो धक्क्यांनंतर तेवढे लाकूड चेपते आणि खिळा खुळखुळू लागतो. हे काम मात्र हौशी हातांनी करू नये, मिस्त्रींना द्यावे. 2023 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांच्या यादीत सुतार आणि शिंपी दोघेही आहेत. एकाच यादीत आलेल्या या दोघांनी टेबलापाशीही एकदा शेजारी बसावे असे मला वाटते. शिवणारीला थरथर कुठे जाणवते हे सुताराला सहसा कोणी सांगतच नाही.

राहिला पावसाळा. आपल्याकडे मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकडातला ओलावा सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरतो आणि श्रावणात चौदा-पंधरापर्यंत चढू शकतो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. साग या बाबतीत फार शहाणा, तरीही त्याच्या आडव्या चिरलेल्या फळीची रुंदी दर एक टक्का ओलाव्यामागे सुमारे 0.19 टक्के बदलते. 45 सेंटीमीटर रुंदी आणि 8 टक्क्यांचा फरक धरा: जवळजवळ 7 मिलिमीटर! अशी फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडली तर उन्हाळ्यात ती तडकणारच. प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात; एका थराला जिकडे फुगायचे असते तिकडे शेजारचा थर लांबीचा असतो आणि तो त्याला फुगू देत नाही. म्हणून वरच्या फळीला प्लायवुड बरे. भुशाचे दाबलेले तक्ते स्वस्त असतात, पण एकदा पाणी लागले की जाडीत फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत, आणि थरथरीने त्यांच्यातले स्क्रू सुटतात.

पायांच्या तळाची काळजी वेगळी घ्यावी. झाड मुळांतून वर पाणी नेते त्याच उभ्या नळ्या पायाच्या कापलेल्या टोकाशी उघड्या असतात, आणि फरशी पुसताना त्या पाणी शोषतात. तळाला दोन हात रंग द्यावा किंवा रबरी टोपी घालावी. कोरडे राहिलेले लाकूड किती टिकते? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेले लाकडी वासे सुमारे दोन हजार वर्षांचे आहेत. सिल्लोडहून अजिंठ्याला सहलीला गेलात तर 19 आणि 26 क्रमांकांच्या लेण्यांत तसेच वासे दगडात कोरलेले दिसतील.

अजून एक गोष्ट कॅबिनेट करणारे विसरतात. तेल घालताना मशीन मागच्या बिजागऱ्यांवर उलटे पाडतात. तेव्हा 12 किलोचा गुरुत्वमध्य एकदम मागे जातो. बिजागऱ्या टेबलाच्या अगदी मागच्या कडेला असतील तर तो मागच्या पायांच्याही बाहेर जाईल आणि हलके कॅबिनेट मागे कलेल. भोक फळीच्या पुढच्या बाजूला घ्यावे आणि बिजागरीच्या मागे निदान एक वीत जागा ठेवावी. माझा पाटा अखेर इथे कामी आला: तो खालच्या आडपट्ट्यांवर ठेवला. तिथे तो डुलत नाही, म्हणून कंप्रता घटवत नाही, आणि गुरुत्वमध्य मात्र खाली आणतो.

थरथर खरोखर कमी झाली की मनाचे समाधान, हे तपासायला एक सोपे साधन आहे. टेबलाच्या कडेला पेन्सिल आडवी बांधा. टेबलाला न टेकता, विटांच्या रचलेल्या खांबावर एक पुठ्ठा उभा करून त्यावर कागद धरा आणि पेन्सिलीचे टोक कागदाला जेमतेम लागू द्या. एकाने मशीन चालवावे, दुसऱ्याने कागद सावकाश सरळ वर ओढावा. पेन्सिल आपली नागमोडी रेघ काढील. 60, 70, 80 असे पायडलचे वेग घेऊन प्रत्येकाची रेघ मोजा आणि आलेख काढा. ताईंच्या टेबलाचा पहिला आलेख एका ठिकाणी डोंगरासारखा उंच होता. प्लायवुड लावल्यानंतर त्यांच्या मुलाने घेतलेल्या रेघा सगळ्या वेगांना जवळजवळ सारख्याच, दोरा पडावा तशा आल्या.

ताईंची आता वेगळी तक्रार आहे. मागचा पातळ तक्ता घाईच्या वेळी ढोलकीसारखा वाजतो. तक्त्यालाही स्वतःची कंप्रता असते, आणि ती आपल्या कानाला ऐकू येते. आतल्या बाजूने जुन्या गोधडीचा तुकडा सरसाने चिकटवून पाहिला. आवाज बराच कमी झाला आहे, पुरता गेलेला नाही.